छापील बाजू आत: घनाच्या घडणीत हमखास चुकणाऱ्या मुलीचं प्रकरण

मुलगी आठवीत, महापालिकेच्या शाळेत. घर मंगळवार पेठेत. वडील उद्यमनगरात फौंड्रीत कामाला, आई घरी बसून मिठाईची खोकी जोडून देते. एनएमएमएस या आठवीच्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी रविवारी सकाळी आमच्याकडे जी मुलं येतात, त्यांत ती पावसाळ्यात आली. ही शिष्यवृत्ती मिळाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात, आणि त्या घरात या रकमेला किती अर्थ होता ते वेगळं सांगायला नको. परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट.

संख्यामालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध हे सगळं ती सहज सोडवायची. अडायची फक्त घनाच्या घडणीत. सपाट कागदावर सहा चौकोन, प्रत्येकात एक चिन्ह, आणि प्रश्न असा की हा कागद दुमडून ठोकळा केला तर चारपैकी कोणता दिसेल. आधीच्या शिकवणीतल्या सराव चाचण्यांचे कागद तिनं बरोबर आणले होते. त्यावर शेरा होता, 'आकृत्यांची कल्पनाशक्ती कमी, सराव वाढवावा.' सराव तिनं वाढवलाही होता. पुस्तकंच्या पुस्तकं सोडवून झाली होती आणि गुण जिथल्या तिथे होते. आई म्हणाली, "गणितात चांगली हाय मॅडम, ह्या खोक्याच्या गणितातच आडकती. आणि खोकी तर आमच्या घरात ढिगानं पडल्यात."

तिची चुकलेली उत्तरं एकाशेजारी एक मांडली, तर सगळी एकाच जातीची निघाली. त्यातला एक नमुना देते. वाचताना कागदावर काढून घ्या, पुढे लागेल. एका आडव्या ओळीत डावीकडून उजवीकडे चार चौकोन: क, ख, ग, घ. 'ख'च्या वर 'च', 'ख'च्या खाली 'ट'. पर्याय असे: पहिल्यात समोर ख, वर च, उजव्या बाजूला क. दुसऱ्यात समोर ख, वर घ, उजवीकडे ग. तिसऱ्यात समोर च, वर क, उजवीकडे ग. चौथ्यात समोर ख, वर च, उजवीकडे ग.

समोरासमोरची पृष्ठं ओळखायचा नियम तिला तोंडपाठ होता. सरळ ओळीत एक सोडून पुढचा चौकोन समोरासमोर येतो, म्हणून क आणि ग समोरासमोर, ख आणि घ समोरासमोर, आणि उरलेले च आणि ट. समोरासमोरची दोन पृष्ठं एका चित्रात कधीच दिसणार नाहीत. या नियमानं दुसरा पर्याय उडतो (ख आणि घ एकत्र) आणि तिसराही (क आणि ग एकत्र). इथपर्यंत ती दर वेळी बरोबर असायची. उरायचे पहिला आणि चौथा, आणि त्यातला पहिला ती उचलायची. बरोबर उत्तर चौथं आहे.

पहिला आणि चौथा ही एकमेकांची आरशातली रूपं आहेत. इथे समोरासमोरचा नियम काहीच सांगू शकत नाही, कारण ठोकळा आरशात धरला तरी कोण कोणाच्या समोर हे बदलत नाही. ल्युडोच्या फाशावरही हे पाहता येतं. समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज सात हा नियम पाळूनही दोन वेगवेगळे फासे तयार होतात. एकात १, २, ३ कोपऱ्याभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं येतात, दुसऱ्यात उलट्या. कसेही फिरवले तरी ते एकमेकांसारखे दिसणार नाहीत. शिकवण्यांत मात्र समोरासमोरचा नियम हीच पूर्ण युक्ती म्हणून दिली जाते आणि त्यानं जे प्रश्न सुटत नाहीत ते 'अवघड' म्हणून सोडून दिले जातात.

या मुलीबाबत मला सगळ्यात मोलाची वाटली ती एक साधी गोष्ट. दोन पर्याय उरले असताना ज्याला काहीच दिसत नाही तो अंदाजानं निम्मे प्रश्न तरी बरोबर आणतो. हिचे जवळपास सगळे चुकत होते. इतकं नेमानं चुकायचं तर डोक्यात ठोकळा स्पष्ट उभा राहावा लागतो. तो फक्त उलटा उभा राहत होता. कल्पनाशक्ती कमी असल्याचा शेरा मला तिथेच पटेनासा झाला.

म्हणून पुस्तक बाजूला ठेवलं आणि वरचीच घडण जाड कागदाची कापून, अक्षरं वर करून तिच्यासमोर टेबलावर ठेवली. म्हटलं, ठोकळा कर. तिनं कागद उचलला आणि पहिली गोष्ट केली ती ही, की तो पालथा घातला. अक्षरं टेबलाकडे गेली. मग 'ख'चा चौकोन अंगठ्यानं दाबून धरला, चारी बाजू आपल्याकडे वर उचलल्या, नखानं प्रत्येक घडीवरून एकदा रेघ ओढली आणि शेवटचा 'घ' झाकणासारखा वर बसवला. मला 'ख' सापडेपर्यंत ठोकळा हातात तयार होता. समोर ख, वर च, उजवीकडे ग. बिनचूक.

ती ठोकळ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मॅडम, हे तर चौथं आलं. मी मनात करतो तेव्हा पहिलं येतंय."

"मनात करताना कागद पालथा घालतेस का?"

"न्हाई. मनात कशाला घालू? पालथा घातला तर अक्षरं दिसायची न्हाईत की."

निदान तिनंच करून दिलं. हात कागद उलटवून मग बाजू वर उचलत होता. मन कागद न उलटवता तशाच बाजू वर उचलत होतं. असं केलं की छापील बाजू ठोकळ्याच्या आत जाते. खऱ्या कागदाचा असा ठोकळा बाहेरून कोरा दिसला असता आणि चूक तिथेच कळली असती. मनातला कागद मात्र आरपार दिसतो. आतली चिन्हं बाहेरून दिसल्यासारखी वाटतात, फक्त डावं-उजवं बदललेलं असतं.

ही सवय आली कुठून, ते तिच्या घरी गेल्यावर कळलं. मिठाईचं खोकं डुप्लेक्स बोर्डाचं असतं. एक बाजू पांढरी, तिच्यावर दुकानाचं नाव आणि नक्षी छापलेली; दुसरी करडी. डाय मारून, घडीच्या रेघा पाडून सपाट ताव गठ्ठ्यानं घरी येतात आणि जोडणावळ शेकड्यावर ठरते. जोडणारी बाई ताव करडी बाजू वर घेऊन मांडीपुढे ठेवते, चारी बाजू आपल्याकडे उचलते, कान खाचेत अडकवते आणि खोकं बाजूला सरकवते. छपाई बाहेर येते, पण काम चालू असताना ती जोडणारीला दिसत नाही. दसऱ्याच्या आधीपासून दिवाळीपर्यंत त्या घरात पाय ठेवायला जागा नसते. ही मुलगी लहानपणापासून आईशेजारी बसून हे करते, आणि तिचा हात आईइतकाच चालतो. 'बाजू आपल्याकडे उचलायच्या' ही घडी तिच्यात इतकी मुरली होती की पुस्तकातल्या चित्रावरही तीच चालायची. खोक्याचा ताव घरात आधीच पालथा पडलेला असतो. प्रश्नपत्रिकेतली घडण छापील बाजू वर करून असते. फरक तेवढाच.

मन हातासारखीच घडी घालतं, याला संशोधनाचा आधार आहे. मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी १९७१ मध्ये जॅकलिन मेट्झलर यांच्याबरोबर दाखवलं की दोन आकृत्या सारख्या आहेत का हे ठरवताना त्यांच्यात जितका जास्त कोन असेल तितका जास्त वेळ लागतो, जणू माणूस मनातल्या मनात आकृती फिरवत नेतो. पुढच्याच वर्षी क्रिस्टीन फेंग यांच्याबरोबरचा त्यांचा अभ्यास थेट घनाच्या घडणीवर होता. सहा चौकोनांच्या घडणीत दोन बाण, आणि प्रश्न असा की दुमडल्यावर ते भिडतील का. घड्या जितक्या जास्त आणि प्रत्येक घडीबरोबर जितके जास्त चौकोन ओढत न्यावे लागतील, तितका वेळ वाढत गेला. म्हणजे उत्तर एकदम चमकत नाही. मन एकेक घडी घालत जातं. तसं असेल तर हाताची वळणं मनातही उतरणारच, असा मी त्याचा अर्थ लावते.

मग इतक्या सरावानंतरही चूक का टिकली? एक कारण उत्तरसूचीत आहे. 'उत्तर: ४' एवढं वाचून मुलाला कळतं की आपलं चुकलं, कुठे चुकलं ते कळत नाही. दुसरं कारण चिन्हांत आहे आणि ते मला जास्त गंभीर वाटतं. अशा प्रश्नांत बहुतेक वेळा वर्तुळ, बेरजेचं चिन्ह, चांदणी, चौकोन, त्रिकोण असतात. ही चिन्हं आरशात जशीच्या तशी दिसतात. घडण आतल्या बाजूनं दुमडली तरी चांदणी चांदणीच राहते. तिथे 'क' किंवा 'ग' असता तर तो उलटा दिसला असता आणि मुलगी थबकली असती.

तिला समजावताना वडिलांच्या कामाचा उपयोग झाला. फौंड्रीत वाळूच्या साच्यात कंपनीचं नाव उलटं उमटलेलं असतं आणि ओतून निघालेल्या मालावर तेच सुलटं येतं. तू मनात जो ठोकळा करतेस तो साचा आहे, प्रश्नात माल विचारलाय, असं म्हटल्यावर ती हसली आणि पुढे कधी हे पुन्हा सांगावं लागलं नाही.

समजणं वेगळं आणि सवय मोडणं वेगळं. त्यासाठी पहिलं काम केलं ते लाकडी ठोकळ्यावर. ठोकळा टेबलावर ठेवायचा, त्याच मापाची घडण अक्षरं वर करून त्याच्या माथ्यावर ठेवायची आणि बाजू खाली सोडायच्या. कागद पालथा घालायचा नाही, बाजू वर उचलायच्या नाहीत. सुरुवातीला तिचा हात आपोआप वर जायचा. काही रविवारांनी घड्या खाली पडू लागल्या. मग ठोकळा काढून घेतला, मग कागदही काढून घेतला आणि नुसत्या चित्राकडे बघून बाजू खाली सोडायला सांगितल्या.

दुसरं काम कोपऱ्याचं, आणि घडणीचे प्रश्न शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे शिकवावं असं मला मनापासून वाटतं. ठोकळ्याच्या चित्रात तीन पृष्ठं दिसतात आणि ती एका शिरोबिंदूपाशी मिळतात. वरच्या घडणीत 'ख'चा उजवीकडचा वरचा कोपरा बघा. त्याच्याभोवती ख, च, ग असे तीन चौकोन आहेत. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वाचलं तर ख, च, ग. छापील बाजू बाहेर ठेवून दुमडल्यावर हा क्रम बदलत नाही. आता पर्याय वाचा. चौथ्यात समोरून वर आणि वरून उजवीकडे, म्हणजे ख, च, ग. जुळलं. पहिल्यात ख, च, क. घडणीत हे तिघे 'ख'च्या डावीकडच्या वरच्या कोपऱ्याशी मिळतात आणि तिथे काट्याच्या दिशेचा क्रम ख, क, च असा येतो. उलटा, म्हणून बाद. इथे मनात काही दुमडावंच लागत नाही, त्यामुळे चुकीच्या बाजूला दुमडण्याचाही प्रश्न येत नाही.

तीन चौकोन घडणीत एका कोपऱ्याशी नसतील तर? मग चौकोन फिरवून आणायचा. दोन चौकोनांमध्ये काटकोनाची खाच असली की खाचेच्या दोन्ही कडा दुमडल्यावर एकमेकींना चिकटतात. म्हणून एका बाजूचा चौकोन त्या कोपऱ्याभोवती पाव फेरा फिरवून दुसऱ्या कडेला लावला तरी घन तोच राहतो. 'च' हा 'ख'च्या डोक्यावरून फिरवून 'ग'च्या डोक्यावर नेता येतो. फक्त अक्षराचा माथा आता उजवीकडे होतो. चौकोन नेला पण अक्षर फिरवलं नाही, ही चूक इथे सर्रास होते. बाणांचे प्रश्न नेमके याच जागी अडकवतात.

एक रविवार आम्ही परीक्षेचं नाव न काढता घालवला, आणि माझ्या मते वर्षभरातला तो सगळ्यात चांगला वर्ग होता. कडेला कड लावून सहा चौकोन जोडले तर वेगवेगळे ३५ आकार होतात. त्यातल्या कितींचा घन होतो ते मुलांनी शोधायचं होतं. फिरवून किंवा पालथे घालून एकसारखे होणारे एकच धरायचे. जमिनीवर चौकटीचे कागद पसरले आणि आरडाओरडा सुरू झाला. उत्तर ११ आहे. चार चौकोनांची सरळ ओळ असलेल्या सहा, सगळ्यात लांब ओळ तीनची असलेल्या चार, आणि दोन-दोनच्या पायऱ्यांची एक. तीन-तीनच्या दोन ओळी एकाच कडेनं जोडलेली घडण सगळ्यात उशिरा सापडली. तिचा घन होतो यावर दुमडून दाखवेपर्यंत कुणाचा विश्वास बसेना.

या मुलीनं त्या दिवशी एक प्रश्न काढला जो दुसऱ्या कुणालाच सुचला नसता. "मॅडम, चिकटवायला कान किती ठेवायचे?" खोकी जोडणाऱ्याच्या डोक्यात कान आधी येतात. तिनं मोजलं तर सात. दुसऱ्या घडणीला सात, पायऱ्यांच्या घडणीलाही सातच. घनाला १२ कडा. सहा चौकोन सलग राहायचे तर पाच कडा जोडलेल्या राहणार, उरलेल्या सात कापलेल्या, आणि प्रत्येकीला एक कान. घडण कोणतीही घ्या, आकडा हलत नाही. घनाकृती सपाट उलगडून छापायची पद्धत न्युरेंबर्गचा जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यानं १५२५ च्या आपल्या पुस्तकात मांडली. त्याला आज ५०० वर्षं झाली, तरी सपाट पृष्ठांची प्रत्येक बहिर्वक्र (कुठेही आत न खचलेली) घनाकृती कडांवरून कापून, पृष्ठं एकमेकांवर न चढता, एकसंध सपाट उलगडता येतेच का, हे अजून कुणी सिद्ध करू शकलेलं नाही. हे ऐकून मुलं बराच वेळ त्याच्यावरच बोलत राहिली.

आता निष्पत्ती. दसऱ्यापर्यंत, वेळ न लावता सोडवलेल्या प्रश्नांत तिची आरशातली उत्तरं थांबली होती. मग खोक्यांचा हंगाम आला आणि ती दिवाळी होईपर्यंत वर्गाला आली नाही. परत आल्यावर पहिल्याच वेळ लावलेल्या चाचणीत जुनी उत्तरं पुन्हा डोकावली. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. शेकड्यांनी खोकी आपल्याकडे दुमडून ती आली होती. तोडगा तिनंच काढला. प्रत्येक घडणीत विचारलेल्या कोपऱ्याभोवती पेन्सिलीनं एक छोटा वळता बाण काढायचा आणि त्याच दिशेनं पर्याय वाचायचे. यात तिचा थोडा वेळ जायचा, पण उत्तर टिकायचं. बाणांच्या प्रश्नांत, जिथे चिन्हाचा माथा कुठे वळतो ते सांगायचं असतं, तिथे ती शेवटपर्यंत कच्ची राहिली. शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव आलं. पण ती यादी परीक्षेतल्या दुसऱ्या पेपरच्या, म्हणजे शालेय क्षमता चाचणीच्या गुणांवरही ठरते, त्यामुळे त्याचं श्रेय मी घडणींना देणार नाही.

एका मुलीवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही, हे मला मान्य आहे. त्याच वर्गातला एक मुलगा याच प्रश्नांत कधी बरोबर, कधी चूक यायचा. त्याच्या डोक्यात ठोकळा उभाच राहत नव्हता. त्याला लाकडी ठोकळे हाताळण्यापासून सुरुवात करावी लागली आणि कोपऱ्याची रीत त्याच्यासाठी नुसतं पाठांतर ठरली असती. अशी क्षमता सरावानं वाढते, हे डेव्हिड उटाल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २१७ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दाखवलं आहे. कोणत्या मुलाला कोणता सराव, हे मात्र शिक्षकालाच ठरवावं लागतं. त्यासाठी मी आता नव्या मुलाला असे काही प्रश्न देते ज्यांत समोरासमोरच्या नियमानंतर बरोबर उत्तर आणि त्याचं आरशातलं रूप एवढंच उरतं. निम्म्याच्या आसपास बरोबर आले तर मूल अंदाज करतंय. जवळपास सगळे चुकले तर त्याला कापलेली घडण द्यायची आणि हातांकडे बघायचं, ते कागद पालथा घालतं का.

सराव पुस्तकं काढणाऱ्यांकडे एक मागणं आहे. सुरुवातीच्या घडणींत तरी चांदण्या आणि वर्तुळांच्या जागी क, ग, फ, ह अशी आरशात बदलणारी अक्षरं छापा, आणि उत्तरसूचीत पर्यायाच्या क्रमांकाशेजारी त्या तीन पृष्ठांचा काट्याच्या दिशेचा क्रमही द्या. छपाईचा खर्च तेवढाच राहील, आणि घरी एकट्यानं अभ्यास करणाऱ्या मुलाला आपण कुठे उलटलो ते कळेल.